पाळण्याची दांडी

१

फार वर्षांमागे ऐकलेला एक आवाज धुडकूच्या कानांतून कधी गेला नाही. मोठा आवाज नव्हता तो. लाकडावर इवलेसे दात घासल्याचा. कर्र, मग थोडं थांबून पुन्हा कर्र. म्हातारपणीही घुशीने कोठीचं दार कुरतडलं की तो अंथरुणात उठून बसे, आणि मग पुन्हा आडवा होत नसे.

सुरुवातीला मात्र त्या आवाजाने त्याला हसू यायचं. त्याची पहिली पोर, सोनी, पाळण्यात उभी राहायला शिकली तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची वर्षं. तापीकाठच्या त्यांच्या गावात दिवेलागणीला ढोरं घरी आली की चुली पेटत आणि पोरं निजवायची घाई होई. सोनीला निजवणं म्हणजे शेतातल्या कामाच्या वरचं एक कामच होतं. आडवी केली की उठून उभी. पुन्हा आडवी केली की पुन्हा उभी. दोन्ही हातांनी पाळण्याची वरची दांडी धरायची, तोंड दांडीला लावायचं, आणि नव्या दातांनी लाकूड कोरत बापाकडे बघत राहायचं. बाप हसला की दांडी सोडून दोन्ही हात वर. उचल म्हणून.

पाळणा धुडकूने स्वतःच्या हाताने केला होता. अक्कलकुव्याच्या बाजारातून सागाच्या फळ्या बैलगाडीत घालून आणल्या आणि सुताराच्या ओट्यावर बसून, त्याला विचारत विचारत, उन्हाळाभर तो ठोकला. चार कोपऱ्यांवर चार लाकडी पोपट होते. पोपट म्हणजे पोपटच आहेत असं सांगावं लागे, पण सोनीला ते ओळखू येत.

पुढच्या पावसाळ्यात सोनीला ताप आला. ताप उतरला तेव्हा सोनी नव्हती.

२

धनुबाई, धुडकूची बायको, रडली नाही. तिचा डावा हात तेवढा कोपरात वाकलेला राहिला. कडेवर पोर घेतल्यावर बाईचा हात असतो, तसा. एका हाताने ती भाकरी थापी, एका हाताने शेण सारवी. कोणी हात सरळ करायला गेलं की हळूच म्हणे, "पडी जाई ना ती."

एका संध्याकाळी ती चुलीवरचं तसंच टाकून उठली आणि नदीकडे चालू लागली. नाववाल्या इंद्रसिंगाने तिला कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं आणि घरी आणून सोडलं. धुडकूला बाजूला घेऊन तो म्हणाला, "भाऊ, वहिनीना हातम्हा काई नव्हतं. पन अशी धरेल व्हती, जशी पोर शे. मी तिले वढी ऱ्हायनू, नि ती त्या हातले पानी लागू दी नही ऱ्हायनी."

शेजारची जसोदाबाई, जिला सगळं गाव काकी म्हणे, तिने धुडकूला ओट्यावर बसवून घेतलं. "पाळना अजून घरम्हाच शे ना? गेलेल्या पोरना पाळना कोनी ठेवस का घरम्हा? नदीले दी टाक. तो जाई, तव्हयच ती जाई."

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गेलेल्या लेकराचा पाळणा विकत नाहीत, कोणाला देत नाहीत, मोडून चुलीत घालत नाहीत. तो तापीत सोडायचा आणि मागे न बघता यायचं.

धुडकू पाळणा गाडीत घालून घेऊन गेला. परत आला तेव्हा धोतर मांड्यांपर्यंत ओलं होतं. धनुबाई दारातच उभी होती.

"सोडी उनात?"

"सोडी उनू."

"वाही गया?"

"वाही गया."

धनुबाईने वाकडा हात हळूहळू सरळ केला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला रडू आलं.

३

धुडकू पाण्यात उतरला होता हे खरं. पाळणा पाण्यावर टेकवलाही होता. पण दांडीवरून अंगठा फिरला आणि अंगठ्याला ते खड्डे लागले. तांदळाच्या कणीएवढे, शेजारी शेजारी. सोनीचं दुसरं काहीच उरलं नव्हतं. अंगडी-टोपडी तिच्याबरोबर गेली होती. तो पाण्यात बराच वेळ उभा राहिला, मग पाळणा उचलून पुन्हा गाडीत घातला आणि मळ्यातल्या खोपीत, कपाशीच्या पऱ्हाट्यांखाली, झाकून ठेवला. धनुबाई मळ्यात येई तेव्हा तो तिला खोपीकडे जाऊ देत नसे. तिथे जनावर दिसलंय, म्हणे. साप आहे म्हटल्यावर कोण जातं?

मग सुपडू झाला.

आधीचं मूल गेलेलं असलं की नंतरच्या मुलाला जन्मल्याबरोबर सुपात घालतात, दुसऱ्याला विकतात, आणि परत मागून घेतात. मग त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. धुडकू स्वतःही असाच, धुडक्यात म्हणजे चिंधीत गुंडाळून विकलेला आणि वाचलेला, म्हणून तर त्याचं नाव असं. जसोदाकाकीने ओंजळभर ज्वारी देऊन सुपासकट पोरगा घेतला आणि धुडकूच्या हातात परत ठेवला. "हाऊ पोऱ्या मन्हा शे, ध्यानम्हा ठेव. ज्वारी दिसन लिधा मी. तुम्ही नुसता सांभाळा. नि रडना तर मन्हाकडे आनू नका."

धनुबाई त्या दिवशी हसली. किती तरी दिवसांनी.

पाळणा लागणार होता. धुडकू म्हणाला, पल्याडच्या गावच्या सुताराला सांगतो. आणि मळ्यात जाऊन त्याने जुनाच पाळणा बाहेर काढला. पोपट कापले. फळ्या रंध्याने तासल्या. नंदुरबारहून हिरवा रंग आणून दोन हात दिले. दांडीवर रंधा टेकवला आणि दातांपाशी थांबला. तेवढं त्याच्याने झालं नाही. त्याने दांडी काढून उलटी बसवली, दात खालच्या बाजूला गेले, आणि वरून रंग दिला. आपण काही वाईट करतोय असं त्याला वाटलंच नाही. वाटलं, भावाला बहिणीचं काहीतरी असावं.

तुळईला पाळणा टांगला तेव्हा धनुबाई त्याच्याभोवती फिरली. हात लावला नाही.

"हाऊ नवा शे ना?"

"नवा शे."

"मन्ही आन घ्या."

धुडकूने बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुन्ही आन. नवा शे."

हात खाली घेताना त्याला पहिल्यांदा लाज वाटली. कोणी बघत नव्हतं, तरी वाटली.

४

धनुबाई सुपडूला पाजी, न्हाऊ घाली, पण पाळण्याची दोरी हातात घेत नसे. ते काम धुडकूकडे आलं. दिवे लागले की तो पडवीत पाळण्याशेजारी बसे आणि दोरी ओढी. दोरीला एक घुंगरू होतं. जसोदाकाकी अंगणातून जाता-येता ओरडे, "अरे धुडकू! रांधनंबी शिकी ले आते, म्हंजे धनूले माहेर धाडता येई!"

धुडकू कमी बोलणारा माणूस. तो मान हलवी आणि दोरी ओढत राही. त्याला ते काम आवडे.

सुपडू नुकता बसायला लागला होता, तोही उशीचा टेका दिला तर. एका संध्याकाळी धुडकूने त्याला निजवलं, गोधडी घातली, दोरी धरली, आणि घुंगरू वेगळंच वाजलं. मूल निजलेला पाळणा जड, एकसारखा हलतो. मूल उभं असलं की तो गचके खातो. धुडकूने मान वर केली. सुपडू पाळण्यात उभा होता.

धुडकूला आधी आनंदच झाला. त्याने धनुबाईला हाक मारली, काकीला हाक मारली. काकी बघून म्हणाली, "पठ्ठ्या शे! रांगाना नही, नि उभा ऱ्हायना!" धनुबाई मात्र स्वयंपाकघराच्या दारातूनच बघत राहिली आणि भाकरी करपते म्हणून आत गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. निजवला की उभा. निजवला की उभा. धुडकू त्याच्या गुडघ्यामागे बोट घाली, गुडघे मुडपी, हळूच आडवा करी. घुंगरू गचका खाई आणि पोरगा पुन्हा उभा. दिवसा घोंगडीवर ठेवला तर मात्र त्याच्या पायांत बळ नव्हतं. धरून उभा केला तरी पाय कापसाच्या पेळूसारखे दुमडत. पाळण्यातच त्याला बळ येई.

मग धुडकूच्या एक गोष्ट लक्षात आली. त्याला वाटलं, चिमणीच्या उजेडाने असं दिसतंय. त्याने चिमणी जवळ आणून ठेवली.

सुपडूने दांडी धरलेलीच नव्हती. त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर, सरळ होते आणि मुठी मिटलेल्या होत्या. मोठं माणूस आपली बोटं मुलाच्या मुठीत देतं आणि त्याला उभं करतं, तशा. पण त्या मुठींत काही नव्हतं. तो धुडकूकडे बघतही नव्हता. पाळण्याच्या दुसऱ्या टोकाला, आपल्यापेक्षा थोडं उंच, कुठेतरी बघत होता आणि हसत होता. त्या हसण्यात हिरड्या दिसत होत्या. दात अजून एकही आला नव्हता.

५

आवाज त्यानंतर सुरू झाला. कर्र. थोडं थांबून, कर्र.

घूस, धुडकूने स्वतःला सांगितलं. पडवीत ज्वारीची कोठी होती, घूस येणारच. त्याने कोठीमागे काठी घालून बघितलं, बीळ सापडलं नाही. मग सागाचं लाकूड थंडीत आकसतं, असं सांगितलं. पण ते चार पावसाळे जुनं झालेलं लाकूड होतं. आकसायचं ते केव्हाच आकसलं होतं. मग त्याने सुपडूच्या तोंडात बोट घातलं. हिरड्या मऊ, लोण्यासारख्या. बोट चोखत पोरगा उचकी देऊ लागला, आणि बोट त्याच्या तोंडात असतानाच, पाळण्याच्या दुसऱ्या टोकाला, कर्र झालं.

सकाळी धुडकूने उजेडात दांडी बघितली. दातांची बाजू त्याने खाली घातली होती. आता वरच्या बाजूलाही हिरवा रंग एका जागी उडाला होता आणि आत पांढरं, ताजं लाकूड दिसत होतं. खड्डे तांदळाच्या कणीएवढे, शेजारी शेजारी. त्याने बोट फिरवलं. ओलं होतं.

त्याने बोट धोतराला पुसलं आणि बैलांकडे गेला. औत धरून दिवसभर चालला, पण मनात एकच संध्याकाळ फिरत होती. सोनीची शेवटची.

ताप दुसऱ्या दिवशी आला होता. त्या संध्याकाळी पोर बरीच होती, फक्त निजत नव्हती. निजवली की उभी. धुडकू भर पावसात बांध घालून आला होता, पाठ मोडून आली होती. सोनी दांडी कोरत उभी राहिली, मग तिने हात वर केले. एरवी तो तिला उचले, दोन फेऱ्या मारी, मग ती निजे. त्या संध्याकाळी त्याने उचललं नाही. दोन्ही खांदे धरून तिला खाली दाबलं. ती उठली. पुन्हा दाबलं. जोराने. "नीज ना आते!" असं ओरडला. तिसऱ्या वेळी सोनी उठली नाही. डोळे उघडे ठेवून पडून राहिली, आणि बराच वेळ तिचे हात तेवढे वर होते.

ताप त्याने आला नाही, हे त्याला कळत होतं. तेव्हा गावात घरोघर ताप होता. पण हे त्याने धनुबाईला कधी सांगितलं नाही. जसं पाळण्याचं सांगितलं नाही.

६

"काय कोरी ऱ्हायनं ते?" स्वयंपाकघरातून धनुबाईचा आवाज आला.

धुडकूचा दोरीवरचा हात थांबला. "घूस शे."

भाकरी थापल्याचा आवाज थांबला. मग धनुबाई म्हणाली, "घूसच व्हई."

धुडकूने वाकून आत बघितलं. ती चुलीपुढे बसली होती. उजव्या हाताने तिने भाकरी उलटली. डावा हात मांडीवर होता, सरळ होता. त्याला हायसं वाटलं. पण तो बघत असतानाच त्या हाताची बोटं हळूहळू मिटली, आणि तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून मांडीखाली दाबला. एखादं खोडकर पोर धरावं, तसा.

उद्या, धुडकूने ठरवलं. उद्या सकाळी ती पाण्याला गेली की पाळणा नदीला द्यायचा. या वेळी खरंच द्यायचा. विचारलं तर सांगू, वाळवी लागली. अजून एक खोटं. पण मग सगळं सुटेल. इंद्रसिंगाने कमरेएवढ्या पाण्यातून काढलेली बायको त्याला पुन्हा बघायची नव्हती.

"सोनीना बाप," आतून हाक आली, अगदी रोजच्या आवाजात, "जेवाले उठतस ना?"

सुपडू झाल्यापासून ती त्याला सुपडूना बाप म्हणायची. जीभ घसरली असेल. जुनी सवय, घसरते कधीकधी. धुडकू हो म्हणाला.

७

सकाळी धनुबाई पाण्याला गेलीच नाही. अंगात कसकस आहे म्हणून दिवसभर पडवीतच बसून राहिली, पाळण्याकडे पाठ करून. दिवस मावळला. ढोरं आली. ती उठून चुलीकडे गेली आणि धुडकूला सुपडूला निजवावंच लागलं.

त्याने दोरी धरली नाही. पाळण्याजवळ उभाच राहिला. सुपडूला आडवं केलं, गोधडी घातली. गोधडी वर उचलली गेली आणि पोरगा उभा राहिला, हात वर, मुठी मिटलेल्या. पाळण्याचं दुसरं टोक जड असल्यासारखं खाली गेलं होतं.

कर्र आवाज झाला, आणि थांबला. कोणीतरी कोरायचं थांबवून वर बघावं, तसा.

धुडकूला पळून जावं असं वाटलं, आणि त्याच वेळी लाजेने कान तापले. खांदे धरून दाबायला गेलेले आपले हात त्याला आठवले. हेच हात. त्याने ते पाळण्यात घातले आणि सुपडूला उचललं. पोरगा त्याच्या उजव्या खांद्याला चिकटला. घुंगरू वाजलं. पाळणा रिकामा, हलका झाला आणि एकसारखा झुलू लागला.

"निजना का?" धनुबाई हातात चिमणी घेऊन दारात उभी होती.

"निजी जाई आते," धुडकू म्हणाला.

ती उत्तर ऐकत नव्हती. ती सुपडूकडे बघत नव्हती. ती त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. म्हणून धुडकूनेही बघितलं.

त्याचा डावा हात कोपरात वाकलेला होता. केव्हा वाकला, त्याला कळलंच नव्हतं. छातीशी धरलेला, पंजा आतल्या बाजूला वळलेला. आणि त्या हातावर भार होता. सुपडूपेक्षा थोडा जास्त. छातीला ऊब लागत होती, ताप भरलेल्या अंगाची लागते तशी. सदऱ्याची गुंडी कोणीतरी हळूच चावत होतं. त्याला हात सरळ करता आला असता. पण सरळ केला तर ती पडली असती.

"उचली मी तिले," तो म्हणाला. दुसरं काही त्याला सुचलं नाही.

धनुबाईने चिमणी कोनाड्यात ठेवली. पाळण्यापाशी आली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने पाळण्याला हात लावला. दांडीच्या वरून नाही. खालून. बोट सरकत सरकत एका जागी थांबलं आणि तिथेच राहिलं. धुडकू खाली मान घालून उभा होता. तिने आण काढली असती, शिव्या दिल्या असत्या, तोंडात मारली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

ती त्याच्यासमोर आली आणि तिने हात पुढे केले.

धुडकूने घाईघाईने सुपडूला पुढे केलं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिचे हात दुसऱ्या बाजूला गेले, काळजीने, मानेखाली एक आणि खाली एक. धुडकूचा डावा हात एकदम हलका झाला. इतका हलका की तो आपोआप खाली पडला.

धनुबाईचा डावा हात कोपरात वाकला. तिने त्यावरून पदर घेतला, बाहेर वारं होतं म्हणून, आणि पदराच्या आत बघून ती हसली.

सुपडू रडू लागला. दाराकडे हात करून मूठ उघडू-मिटू लागला. दारातून अंगण दिसत होतं, अंगणापलीकडे नदीकडे उतरणारी वाट. धुडकूला हाक मारायची होती. पण हाक मारायला त्याला तोंडच उरलं नव्हतं. धनुबाईने उंबरा ओलांडला आणि ती नदीच्या वाटेने चालत निघून गेली.